शिंतो देवस्थानांतील शुद्धिविधि व त्यांचीं लेखी साधनें

जपानांतील शिंतो देवस्थानांत शिरणारा यात्रेकरू प्रथम दगडी कुंडापाशीं थांबतो. लांब दांड्याचें लांकडी ओगराळें उजव्या हातीं घेऊन तो डावा हात धुतो, मग हात बदलून उजवा. नंतर डाव्या तळव्यावर थोडें पाणी घेऊन चूळ भरतो, आणि शेवटीं ओगराळें उभें धरून उरल्या पाण्यानें त्याचा दांडा धुऊन तें पुढच्या माणसासाठीं पालथें ठेवतो. या विधीचा अर्थ पुसल्यास सर्वत्र एकच उत्तर मिळतें: बाह्य शौच हें अंतःकरणाच्या शुद्धीचें चिन्ह होय. हा अर्थ वाईट नाहीं, परंतु तो मूळचाहि नाहीं. अंतःशुद्धि व बाह्यशुद्धि असा भेद स्पष्ट शब्दांत सांगणारे लेख मध्ययुगांतले आहेत. साका जूबुत्सु याचें इसे यात्रेचें १३४२ चें वृत्त हें त्यांपैकीं प्रसिद्ध होय. त्यापूर्वींचीं साधनें क्रमानें लावून पाहिलीं असतां शुद्धि हा प्रथम दंड भरण्याचा व मळ वाहवून टाकण्याचा व्यवहार होता, असें आमचें मत झालें आहे. त्या मताचा आधार येथें वाचकांपुढें ठेवितों.

सर्वांत जुनी साक्ष जपानी नसून चिनी आहे. इ. स. च्या तिसऱ्या शतकांत चेन शौ (२३३–२९७) यानें वेइ राज्याचा जो इतिहास लिहिला, त्यांत ‘वा’ लोकांचें, म्हणजे तत्कालीन जपानी रहिवाशांचें, वर्णन आलें आहे. मनुष्य मेला म्हणजे दहाहून अधिक दिवस शोक पाळीत. त्या अवधींत मांस वर्ज्य असे. मुख्य सुतकी आक्रोश करी व इतर लोक गात, नाचत व मद्य पीत. आणि प्रेत पुरून आल्यावर घरचीं सर्व माणसें पाण्यांत उतरून स्नान करीत. त्याच प्रकरणांत दुसरी एक चमत्कारिक चाल नमूद आहे. समुद्र ओलांडून चीनकडे जाणाऱ्या गलबतासाठीं एक मनुष्य नेमीत. त्यानें केंस विंचरावयाचे नाहींत, उवा काढावयाच्या नाहींत, कपडे मळकेच ठेवावयाचे, मांस व स्त्रीसंग टाळावयाचा, थोडक्यांत सुतक्याप्रमाणें राहावयाचें. सफर सुखरूप झाली तर त्याला गुलाम व द्रव्य मिळे. वाटेंत रोगराई किंवा दुसरें संकट आलें तर त्यानें नेम नीट पाळला नाहीं म्हणून लोक त्याला मारावयास उठत. सर्वांचा मळ एकानें अंगावर घ्यावा व त्याचा हिशेब मागाहून चुकता व्हावा, ही कल्पना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती निराळ्या वेषांत भेटेल.

स्वदेशी ग्रंथांपैकीं ७१२ सालचें ‘कोजिकी’ व ७२० सालचें ‘निहोन शोकी’ हे दोन प्रमाण होत. कोजिकीची जी सर्वांत जुनी प्रत आज उपलब्ध आहे ती नागोया येथील शिनपुकुजी या बौद्ध मठांतली, केन्यु नांवाच्या भिक्षूनें १३७१–७२ मध्यें उतरलेली. म्हणजे शिंतोचा आद्य ग्रंथ आपणांस मिळतो तो रचनेनंतर साडेसहाशें वर्षांनीं आणि बौद्ध हातांतून. पोथ्यांच्या संग्राहकांस यावर अधिक सांगणें नलगे. त्यांतील इझानागीची कथा सर्वविश्रुत आहे. मृत पत्नीच्या मागें योमीलोकीं गेलेला हा देव परत आल्यावर ओंगळ जागेचा मळ अंगास लागला म्हणून स्नानास जातो. काठी, कमरबंद, वस्त्रें एकेक करून टाकतो, व टाकलेल्या प्रत्येक वस्तूपासून एकेक देव उपजतो. वरचा ओघ फार जोराचा, खालचा फार मंद, म्हणून तो मधल्या धारेंत बुडी मारतो. हा तपशील नदीवर नित्य न्हाणाऱ्या माणसासच सुचावा! डावा डोळा धुतांना सूर्यदेवता आमातेरासु, उजवा धुतांना चंद्रदेव त्सुकुयोमी व नाक धुतांना सुसानोओ जन्मास येतात. सबंध कथेंत पश्चात्तापाचा किंवा क्षमायाचनेचा शब्द नाहीं. मळ ही वस्तु आहे. ती लागते, आणि पाण्यानें निघते.

पाण्यानें धुण्याच्या या क्रियेस मिसोगी म्हणतात. शुद्धीचा दुसरा शब्द हाराए. व त्याचा इतिहास आमच्या मतें अधिक बोधक आहे. सुसानोओनें आपल्या बहिणीच्या भातखाचरांचे बांध फोडले, पाट बुजविले, नव्या पिकाच्या नैवेद्याच्या मंदिरांत विष्ठा केली आणि उलट्या सोललेल्या घोड्याचें धूड विणकामाच्या दालनांत टाकलें. तेव्हां देवांनीं त्याजवर हाराए बसविला: सहस्र मंच भरतील इतक्या वस्तु त्यानें आणून द्याव्या. शिवाय त्याचीं नखें काढून घेतलीं. येथें हाराए म्हणजे उघडउघड दंड होय.

हीच गोष्ट देवांकडून माणसांकडे आलों म्हणजे अधिक ठळक दिसते. निहोन शोकींत ६४६ सालचा म्हणून एक राजशासनाचा लेख आहे. त्यांत राजानें निषिद्ध केलेल्या कांहीं ग्रामीण चाली सांगितल्या आहेत. वेठीवरून गांवीं परतणारा मनुष्य वाटेंत आजारी पडून मेला, तर ज्याच्या दाराशीं तो मेला तो घरधनी मृताच्या सोबत्यांस अडवून हाराए वसूल करी. कोणी नदींत बुडून मेला, तर बुडालेला माणूस आमच्या नजरेस कां पाडला म्हणून पाहणारे लोक सोबत्यांकडून हाराए मागत. या भयानें सख्खा भाऊहि भावास वांचविण्यास धजत नसे. प्रवाशानें रस्त्याकडेला भात रांधला तरी तेंच. उसनें घेतलेलें भात वाफविण्याचें भांडें हातून लवंडलें, तरी भांड्याचा मालक हाराए घेतल्याखेरीज सोडीत नसे. या सर्व ठिकाणीं शुद्धि हें विटाळाचें निमित्त करून घेतलेलें नुकसानभरपाईचें द्रव्य आहे, व तें कोणा देवास न जातां शेजाऱ्याच्या घरांत जात आहे.

६४६ च्या शासनांविषयीं विद्वानांनीं शंका घेतली आहे, व ती निराधार नाहीं. त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका शासनांत परगण्याला जी चिनी अक्षरसंज्ञा आहे ती ७०१ च्या कायद्यानंतरची. तत्पूर्वीं निराळें अक्षर लिहीत असत, हें फुजिवारा राजधानीच्या जागीं निघालेल्या लांकडी लेखपट्टिकांवरून १९६७ च्या सुमारास निर्विवाद ठरलें. तेव्हां निहोन शोकीच्या संपादकांनीं जुन्या लेखांवर आपल्या काळचे शब्द चढविले हें मान्य केलें पाहिजे. तथापि लवंडलेल्या भांड्याची तक्रार कोणी दरबारी लेखक ग्रंथशोभेसाठीं रचील, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. शिवाय दुसरा पुरावा त्यास जुळतो. ६७६ सालच्या नोंदींत सबंध राज्याच्या महाशुद्धीसाठीं कोणी काय द्यावें याची यादीच दिली आहे: प्रांताच्या वंशपरंपरागत नायकानें एक घोडा व कापड, परगण्याच्या अधिकाऱ्यानें एक तलवार, एक हरणाचें कातडें, एक कुदळ, एक सुरी, एक विळा, बाणांचा एक संच व भाताची एक पेंढी, आणि प्रत्येक घरानें तागाची एक जुडी. पुढें योरो कायद्यांत (सिद्धता ७१८, अंमल ७५७) हेंच कलम थोड्या फरकानें आलें आहे. त्यांतहि घोडा, तलवार, कातडें, कुदळ व घरटीं ताग आहेच. कर-वसुलीची कलमें वाचण्याची ज्यांस सवय आहे त्यांस या यादींतील भाषा परकी वाटणार नाहीं. ८०१ सालीं तर देवकार्यांत चूक करणाऱ्यांसाठीं हाराएच्या महा, उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा चार प्रती ठरवून प्रत्येकीस किती माल भरावा याचें कोष्टकच सरकारनें काढलें.

आतां महाशुद्धि म्हणजे ‘ओहाराए’ हिचा विधि पाहूं. सहाव्या व बाराव्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं राजवाड्याच्या सुझाकु नांवाच्या दक्षिण दरवाजापुढें सर्व अधिकारी जमत. नाकातोमी घराण्याचा पुरोहित शुद्धिवचन वाची व उराबे नांवाचे शकुनज्ञ तें द्रव्य बाहेर नेत. हें वचन ‘एंगिशिकी’ या ५० खंडांच्या नियमसंग्रहांत (आरंभ ९०५, समाप्ति ९२७, अंमल ९६७) आठव्या खंडांत आहे. त्या खंडांत एकंदर २७ वचनें आहेत. त्यांपैकीं २६ यामातो भाषेचीं. अर्थाचीं अक्षरें मोठीं व प्रत्ययांचीं लहान, अशा विशिष्ट पद्धतीनें लिहिलेलीं. उरलेलें एक मात्र शुद्ध चिनी आहे. यामातो व कावाची येथील परदेशागत लेखक-घराण्यांनीं शुद्धीची तलवार अर्पण करितांना तें म्हणावयाचें, आणि त्यांत आवाहन आहे तें सूर्य, चंद्र, तारे, पूर्वेचा राजपिता, पश्चिमेची राजमाता, पंचदिशांचे पांच सम्राट यांचें. ही सर्व ताओ पंथाची देवमंडळी होय. शिंतोचा हा सर्वश्रेष्ठ विधि परक्या स्पर्शापासून अलिप्त होता, असें जे लिहितात त्यांनीं आठवा खंड शेवटपर्यंत वाचला नसावा.

नाकातोमीच्या वचनांत प्रथम पापांची नामावली येते. स्वर्गीय पापें आठ: बांध फोडणें, पाट बुजविणें, पाण्याचें दार उघडणें, पेरलेल्यावर पुन्हां पेरणें, शेतांत खुंट्या रोवणें, जिवंत सोलणें, उलटें सोलणें, विष्ठा करणें. बहुतेक भातशेतीची मोडतोड. सुसानोओच्या कथेशीं हीं जुळतात हें सांगणें नकोच. भौम पापांत जिवंतांस व मृतांस जखम करणें, निषिद्ध संभोगाचे प्रकार, जादूटोणा हीं येतात. पण त्यांच्याच ओळींत अंगावर पांढरे डाग, अंगावर वाढलेलें मांस, सरपटणाऱ्या किड्यांची पीडा, आकाशांतून कोसळणारी वीज व वरून येणाऱ्या पांखरांचा उपद्रव हींहि पापेंच आहेत! ‘त्सुमी’ या शब्दास आपला ‘पाप’ शब्द पुरत नाहीं, हें येथें कळतें. मोतोओरी नोरिनागा यानें १७९५ च्या आपल्या भाष्यांत रोग व आपत्ति यांचाहि त्सुमींत समावेश होतो असें सांगितलें आहे, तें यथार्थ होय.

नामावलीनंतर काय करावयाचें तें आहे. लांकडाचे बारीक तुकडे बुडख्याशेंड्याकडून तोडून सहस्र मंचांवर भरपूर ठेवावे, तागाचे तंतू बारीक चिरावे. सुसानोओच्या दंडांतले सहस्र मंच ते हेच. घोडाहि आहे, तो कान टवकारून ऐकणारा प्राणी म्हणून उभा केला जातो. म्हणजे दंडाची जुनी यादी मंत्राच्या पोटांत शिल्लक राहिली आहे. पुढें मळाचा प्रवास सांगितला आहे. डोंगरावरून घसरणाऱ्या वेगवान ओढ्यांतली सेओरित्सुहिमे देवी तो समुद्रांत नेते; भर समुद्रांत जेथें आठशें प्रवाह एकमेकांत मिसळतात तेथें हायाआकित्सुहिमे तो गिळते; इबुकिदोनुशी तो फुंकरीनें पाताळाकडे उडवितो; आणि पाताळांतली हायासासुराहिमे तो घेऊन भटकते व भटकतां भटकतां हरवून टाकते. चार हातांतून माल पुढें जातो, व शेवटच्या हातांत त्याचा पत्ता लागत नाहीं. वचनाचा शेवट तर देवांसाठीं नाहींच. उराबेंनीं हें सर्व मोठ्या नदीवर नेऊन टाकावें, असा तो चाकरांस हुकूम आहे.

या हुकमाची अंमलबजावणी आतां जमिनींतून वर आली आहे. नारा येथील हेइजो राजवाड्याच्या मिबु दरवाजापुढील खंदकांत लांकडाच्या पातळ फळ्यांच्या दोनशेंच्या आसपास मानवाकृति सांपडल्या. यांस हितोगाता म्हणतात. फुजिवारा राजधानीच्या जागींहि तशा निघाल्या आहेत. आपल्याकडे अंगावरून उतारा उतरून टाकतात, त्याच जातीची ही वस्तु. मात्र टाकण्याची जागा वाहतें पाणी. गलबतावरच्या त्या केंस न विंचरणाऱ्या माणसाचें काम आतां लांकडाची फळी करूं लागली, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

आठव्या खंडाच्या जुन्या प्रतींत कुजो घराण्याची, हल्लीं तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत असलेली, हेइआन काळची प्रत श्रेष्ठ मानतात. तिचे अनेक खंड जुन्या दप्तरी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले आहेत, त्यामुळें नियमांच्या पाठीशीं त्या काळचा पत्रव्यवहारहि वांचला. संग्राहकांस याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. पण वचन एका रूपांत राहिलें नाहीं. १११६ च्या सुमाराच्या ‘चोया गुन्साइ’ या संग्रहांत तेंच वचन ‘नाकातोमीचा यज्ञलेख’ म्हणून येतें, आणि तेथें तें जमलेल्या अधिकाऱ्यांस उद्देशून नसून देवांस उद्देशून आहे. हुकमाची प्रार्थना झाली. पुढें शिंगोन पंथाच्या बौद्धांनीं त्यावर ‘कुंगे’ नांवाची टीका लिहून महावैरोचनाच्या तत्त्वज्ञानाप्रमाणें अर्थ लाविला, व खासगी कामासाठीं शेंकडों आवृत्त्या जपण्याचा प्रघात पडला. अंतःकरणशुद्धीचा अर्थ शिरला तो या दारानें.

शेवटचा व सर्वांत मोठा फेरफार मात्र अगदीं अलीकडचा आहे. १९१४ सालीं जपानच्या गृहखात्यानें देवस्थानांसाठीं जें प्रमाण वचन ठरविलें, त्यांतून पापांची नामावली गाळून ‘स्वर्गीय व भौम पापें’ एवढेंच मोघम ठेविलें. १९४६ मध्यें स्थापन झालेल्या देवस्थानसंघाच्या वचनांतहि ती नाहीं. पांढऱ्या डागांच्या माणसास त्याच्या समक्ष पापी म्हणूं नये हें योग्यच झालें. पूजेंत हा छाट आम्हीहि दिला असता. परंतु छाटलेलें वचन तोंडपाठ करून त्यावरूनच प्राचीनांची पापकल्पना किती उदात्त होती हें सिद्ध करूं पाहणारे ग्रंथ होतात, ही संशोधनाची हानि होय. जुना पाठ दप्तरांत राहूं द्यावा, व उद्धृत करितांना कोणता पाठ हें सांगावें, एवढीच आमची मागणी आहे.

विटाळाचे नियम एंगिशिकीच्या तिसऱ्या खंडांत आहेत. मनुष्याच्या मृत्यूचा विटाळ ३० दिवस, जननाचा ७, पाळीव पशूच्या मृत्यूचा ५, त्याच्या विण्याचा ३, मांस खाण्याचा ३. कोंबडीच्या पिलांचा विटाळ नाहीं. आग लागलेल्या जागेच्या संपर्काचा देवकार्यासाठीं ७ दिवस. संसर्गाचा हिशेब तर न्यायशास्त्रासारखा आहे. क च्या घरीं विटाळ असतां ख तेथें जाऊन बसला, तर ख व त्याच्या घरचे सारे विटाळले. ग हा ख कडे जाऊन बसला, तर एकटा ग विटाळला. पण ख जर ग कडे गेला, तर ग कडचे सर्व. घ हा ग कडे गेला तर कांहीं नाहीं. नुसतें दाराशीं उभें राहण्यानें विटाळ होत नाहीं, बसलें पाहिजे! आपल्या सोयर-सुतकाची आठवण येथें कोणासहि होईल. पण साम्यावरून उगम ठरवूं नये. पांचव्या खंडांत इसेच्या राजकन्या-पुजारिणीच्या वाड्यांत वर्ज्य शब्दांऐवजीं वापरावयाचे शब्द आहेत: मरण म्हणजे ‘बरें होणें’, आजार म्हणजे ‘विसांवा’, रक्त म्हणजे ‘घाम’, मांस म्हणजे ‘अळंबें’, आणि बौद्ध भिक्षु म्हणजे ‘लांब केंसांचा’. बांगडी फुटली असें न म्हणतां वाढवली म्हणणाऱ्या घरांत वाढलेल्यांस हें नवल वाटूं नये.

परंतु या नियमांचें ओझें सर्वांवर सारखें पडलें नाहीं. मध्ययुगीन क्योतोंत प्रेतें व मेलेलीं जनावरें उचलणाऱ्यांस ‘कियोमे’ म्हणजे शुद्धि करणारे म्हणत, व त्यांसच अपवित्र मानीत. गिओन देवस्थानचे ‘इनुजिनिन’ नांवाचे हलके सेवक आवारांतील प्रेतें काढीत. उत्सवांत देवाच्या पालखीपुढें चालण्याचा मान त्यांचा, पण वस्तींत बरोबरीचें स्थान नाहीं. दुसऱ्याचा मळ नेणारा स्वतः मळका ठरतो, हा गलबतावरचाच न्याय. १८७१ च्या शासनानें एता व हिनिन या संज्ञा रद्द झाल्या, १८७२ मध्यें जननाचा विटाळहि सरकारी हुकमानें उठला. तरी वस्तुस्थिति इतकी थोडी बदलली कीं १९२२ सालीं क्योतो येथें या वर्गाच्या वंशजांस समतेसाठीं ‘सुइहेइशा’ ही संस्था काढावी लागली.

देवस्थानांतील दृश्य चिन्हांविषयीं थोडेंच लिहितों. तोरीइ या कमानीचा आपल्या तोरणाशीं संबंध जोडण्याचा मोह नामसादृश्यामुळें होतो. पण जपानी शब्दाचा अक्षरार्थ पांखरांची बैठक असा आहे, आणि दोहोंमधला दुवा दाखविणारा लेख पुढें आलेला नाहीं. भारताचा खरा धागा गिओन या नांवांत आहे: तें श्रावस्तीच्या जेतवनाच्या चिनी नांवाचें रूप, व तेथील देव गोझु तेन्नो, म्हणजे वृषभशीर्ष स्वर्गराज, हा जेतवनाचा रक्षक मानला जाई. १८६८ मध्यें बौद्ध व शिंतो यांची सक्तीनें फारकत झाली तेव्हां हें नांव काढून देवस्थानास यासाका म्हणूं लागले. उन्हाळी शुद्धीच्या वेळीं गवताच्या मोठ्या कड्यांतून तीनदां जाण्याची जी चाल आहे, तिची कथाहि याच देवाच्या परिवारांतली: सोमिन शोराइ या दरिद्री माणसानें अनोळखी देवास रात्रीचा आसरा दिला, म्हणून त्याच्या घरच्यांनीं कमरेस गवताचें कडें बांधावें व रोगापासून वांचावें. बिंगो प्रांताच्या जुन्या वर्णनांतील ही कथा तेराव्या शतकांतील एका टीकाग्रंथाच्या उताऱ्यांत वांचली आहे.

पुजारी यात्रेकरूच्या मस्तकावरून जो कुंचा हालवितो, त्यास कागदाच्या पट्ट्या व तागाचे तंतू लाविलेले असतात. ‘शुभ्र कागद म्हणजे निर्मलता’ हें त्याचें स्पष्टीकरण सर्वत्र छापलेलें आढळतें. देवास वाहिलेल्या कापडाची जागा कागदानें घेतली हें प्रसिद्धच आहे. आणि तागाच्या तंतूंविषयीं आमचें अनुमान असें कीं, घरटीं एक जुडी म्हणून जो ताग ६७६ मध्यें भरावा लागे, त्याचाच हा अवशेष असावा.

मध्ययुगांत राजवाड्यांतून लुप्त झालेली महाशुद्धि १८७१ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आली, व १८७३ पासून नवी कालगणना आल्यावर ती ३० जून व ३१ डिसेंबर या दिवशीं होऊं लागली. १५ डिसेंबर १९४५ च्या आज्ञेनें देवस्थानांचा सरकारशीं संबंध तुटला, तरी विधि चालू आहे. देवस्थान कागदाची मानवाकृति देतें. भक्त तिजवर आपलें नांव व वय लिहितो, ती अंगावरून फिरवितो, तिजवर तीनदां फुंकर घालतो, आणि परत देतांना पाकिटांत तिच्यासोबत थोडे पैसे घालतो.